दोन जोड्या, एक सुटा

माझ्या सासऱ्यांइतका तुरुंगात रमलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि त्या माणसानं आयुष्यात कुणाची काडीसुद्धा चोरली नव्हती. हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा ते तुरुंग खात्यात शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. हुद्दा हवालदाराचा, पण आमच्या भागातल्या जुन्या लोकांच्या तोंडी निजामाच्या वेळचे शब्द इतके घट्ट बसलेले, की सगळी गल्ली त्यांना जमादारच म्हणायची. तीन जिल्ह्यांचे तुरुंग पालथे घालून ते शेवटी औरंगाबादला आले, हर्सूलला तुरुंगाची भिंत दिसेल अशा बेतानं त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली काढली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार आणि शाल मिळाली. ती घेऊन जमादार चालत घरी आले, आणि येताना अख्खा तुरुंग बरोबर घेऊन आले. त्या घरात राहायला जागा मिळवायला मला एक दिवस लागला, त्यांची मुलगी मिळवायला दीड वर्ष लागलं, आणि त्यांच्या संध्याकाळच्या गिनतीत घरचा म्हणून धरलं जायला मात्र वीस वर्षं वाट पाहावी लागली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे होती, पण आता नाही.

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. नोकरी कायम होती, प्रकृती ठणठणीत होती, पण लग्न झालेलं नव्हतं, आणि बिनलग्नाच्या पोराला खोली द्यायला शहरात कुणी तयार नव्हतं. एका घरमालकिणीनं तर "आमच्याकडं पोरी हायेत" एवढं सांगून माझ्या तोंडावर कडी लावली. जमादारांच्या घरीही पोरगी होती, पण त्यांना असल्या गोष्टींची भीती नव्हती. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सडा माणूस? चालतंय की. मी जन्मभर सडेच सांभाळले." मग त्यांनी माझी ट्रंक अंगणात उघडायला लावली आणि झडती घेतली. एकेक सदरा झटकून पाहिला, पुस्तकांची पानं फडफडवली, तेलाच्या बाटलीचा वास घेतला. शेवटी ब्लेडची पाकिटं, आरसा आणि गादी बांधून आणलेली दोरी असा ऐवज जप्त झाला. "अहो, मग दाढी कशी करू?" मी विचारलं. "न्हावी हाय की कोपऱ्यावर." "आणि भांग?" "कुणाला दावायचाय?" असं म्हणून त्यांनी सगळा ऐवज फडक्यात बांधला आणि त्यावर मला अंगठा लावायला सांगितला. मी सही येते म्हणालो, तर ते जरा नाराज झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नीनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, ते गाठोडं गुपचूप माझ्या हातात आणून दिलं. "गेटावर बसल्याबिगर करमत नाय त्यास्नी," त्या म्हणाल्या. "हे घ्या तुमचं. दोरीवर कपडे वाळत घाला, म्हंजी दोरी ओळखू यायची नाय."

त्या घरात राहायचं तर आधी भाषा शिकावी लागे. खालच्या दोन खोल्या म्हणजे बराक. माझी पत्र्याची खोली म्हणजे सेपरेट. तुरुंगात ज्याला बाकीच्यांत मिसळू द्यायचं नसतं, त्याला एकट्याला वेगळ्या कोठडीत ठेवतात, ती सेपरेट. जमादारांच्या आधीचे लोक तिला तनहाई म्हणत. जमादारांची निम्मी नोकरी त्या रांगेवर पहारा करण्यात गेलेली, त्यामुळे माझ्या खोलीविषयी त्यांना विशेष ममत्व. ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचाय तो कच्चा कैदी, शिक्षा लागली की पक्का. मी भाडेकरू, कधी जाईन याचा नेम नाही, म्हणून मी कच्चा. त्यांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. "काय कच्चे, निघाले का?" "कच्चे, सायकलीत हवा कमी दिसतीय." दूधवाला, पोस्टमन, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळेच मला कच्चे म्हणायला लागले, आणि एकदा कारखान्यातला साहेब कामानिमित्त घरी आला, तर गल्लीतल्या बायकांनी त्याला "कोण, कच्चे व्हय? वर ऱ्हातेत" असा पत्ता सांगितला.

जेवणाला ते भत्ता म्हणत, आणि भत्ता कसाही झाला तरी तक्रार करत नसत, कारण भत्त्याची तक्रार कैद्यानं करायची असते, जमादारानं ती ऐकून घ्यायची असते. पाणी भरायचं काम मुलाकडं, म्हणजे माझ्या पुढच्या मेहुण्याकडं होतं; तो नीट वागला तर त्याला चार दिवसांची माफी मिळे आणि त्या चार दिवसांत पाणी सासूबाई भरत. हाच मेहुणा मॅट्रिकला नापास झाला तेव्हा घरात रडारड झाली, पण जमादार शांतपणे म्हणाले, "शिक्षा एक वर्सानं वाढली. त्यात काय एवढं?" सासूबाई पैठणला माहेरी गेल्या की त्या फर्लोवर, म्हणजे कैद्याच्या रजेवर, गेल्या असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि एकदा बस चुकल्यामुळं त्यांना यायला दोन दिवस उशीर झाला, तर हा गृहस्थ सेंट्रल बसस्टँडात त्यांचा फोटो घेऊन कंडक्टर लोकांना दाखवत हिंडत होता. "फरार हाय," म्हणत होता. सासूबाई बसमधून उतरल्या त्या थेट त्यांच्यासमोरच. घरी आल्यावर त्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात, माझी जन्मठेप चालूच हाय!" त्यावर जमादारांनी गंभीरपणे विचार केला. "जन्मठेपेला बी माफी असतीय," ते म्हणाले, "पर वागणूक बघावी लागंल."

पाहुणे आले की ती मुलाखत. मुलाखतीला वीस मिनिटं. फडताळावर एक गजराचं घड्याळ होतं, ते पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून जमादार त्यांच्याशी अतिशय प्रेमानं बोलत, चहा आग्रहानं पाजत, आणि एकोणिसाव्या मिनिटाला खाकरत. ज्यांना सवय होती ते उठत. ज्यांना नव्हती त्यांच्या चपला जमादार स्वतः दाराशी नीट वळवून ठेवत. शेजारी एक शिंपी चाचा राहायचे, त्यांचं मशीन आणि जमादारांचा ओटा यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. चाचांना मुलाखतीचा नियम लागू नव्हता, कारण ते भिंतीपलीकडूनच बोलत, आणि जमादारांच्या मते ती मुलाखत होत नाही, ती नुसती कुजबूज. देवांनाही या घरात सवलत नव्हती. देवघराला जाळीचं दार केलेलं होतं, संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या दाराला कडी घातली जाई. त्याला बंदी म्हणायचं. सकाळी कडी काढली की खुली. बाळकृष्ण लहान असल्यामुळं त्याला थोडा उशिरापर्यंत बाहेर ठेवावा, असा अर्ज सासूबाईंनी एकदा तोंडी केला होता. तो फेटाळला गेला.

या सगळ्याचा कळस म्हणजे गिनती. तुरुंगात संध्याकाळी कोठड्या बंद करायच्या आधी माणसं मोजतात. कैद्यांना जोडीजोडीनं खाली बसवतात, म्हणजे मोजायला सोपं जातं, आणि आकडा जुळल्याशिवाय कुणी हलायचं नसतं. दिवेलागणीला जमादार खाकी टोपी चढवून, हातात काठी घेऊन निघत. आधी वर माझ्याकडं, मग खाली. खाली ओट्यावर सासूबाई आणि मेहुणा शेजारीशेजारी बसलेले. ती एक जोडी. मुलगी मागं एकटी. मोजणारा स्वतःला मोजत नाही. "जोडी एक, सुटा एक, सेपरेट एक. गिनती बरोबर," असं जमादार आवाज चढवून म्हणत आणि मग हनुवटी खाली घेत. भिंतीपलीकडून चाचा रोज न चुकता सांगायचे, "जमादारसाब, हमारी बकऱ्या भी गिन लेव, एक कम दिखरी!" जमादारांनी एकदा खरोखरच भिंतीवरून वाकून त्या मोजल्या आणि पूर्ण असल्याचं कळवलं.

सेपरेटची गिनती निराळी. तिथं जोडी नसते, आणि आतल्या माणसाशी बोलायचं नसतं. म्हणून जमादार माझ्या बंद दारावर काठीनं दोनदा वाजवत. टक् टक्. मी आतून एकदा वाजवायचं. टक्. की झालं. सुरुवातीला मी दार उघडून "या ना" वगैरे म्हणायचो; त्यावर ते इतके दुखावले, की पुढं मी मुकाट्यानं वाजवायला लागलो. हा रिवाज त्यांनी घरातल्या प्रत्येक बंद दाराला लावला होता. न्हाणीघराचं दार असो की परसातल्या संडासाचं, जमादार शेजारून गेले की टक् टक् होणार, आणि आतून कडी असली तर टक् आल्याशिवाय ते हलणार नाहीत. एकदा सासूबाईंच्या बहिणीचे यजमान मुक्कामाला होते. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. ते बिचारे आत, जमादार बाहेर, आणि दोघांनीही माघार घ्यायची नाही असं अर्धा तास चाललं. शेवटी मेहुण्यानं मागच्या झरोक्यातून ओरडून सांगितलं, "काका, एकदा वाजवा, म्हंजी सुटाल!"

आता मुलीकडं वळतो. ती डी.एड. करत होती आणि तिला वाचायचा नाद होता. कारखान्याच्या वाचनालयातून मी मासिकं आणायचो. ती सासूबाईंमार्फत खाली जायची आणि वर यायची. काही दिवसांनी मधल्या सासूबाई गळाल्या. मासिक माझ्या दारातल्या खुर्चीवर ठेवलेलं असायचं, आणि एखाद्या गोष्टीच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात "ही बाई मूर्ख आहे" असं लिहिलेलं असायचं. मग मी त्याच्याखाली "पण मनानं चांगली आहे" असं लिहायचो. आमचं प्रेम असं परक्यांच्या बायकांबद्दल मतभेद करत करत जमलं. रोज संध्याकाळी कठड्यावरून मी खाली बघायचो, तर दोघं शेजारीशेजारी आणि ती मागं एकटी, सुटी. मला ते बघवेनासं झालं. पण जमादारांना सांगायचं कसं? कच्च्या माणसानं बराकीतल्या माणसाविषयी काही बोलण्याची पद्धतच नव्हती. असं दीड वर्ष गेलं, आणि जालन्याहून एक स्थळ सांगून आलं. मुलगा सरकारी नोकरीत, वडील जमादारांच्या ओळखीचे. रविवारी माणसं बघायला येणार असं ठरलं.

त्या आधीच्या गुरुवारची गोष्ट. मी कारखान्यातून सुटून शहागंजात भाजी घ्यायला वळलो, त्यामुळं रोजच्यापेक्षा उशीर झाला. इकडं ती कुरडया काढायच्या निमित्तानं गच्चीवर आली आणि मासिक ठेवायला माझ्या खोलीत शिरली. मासिकात चिठ्ठी होती. "रविवारी जालन्याची माणसं येतायत. काय ते बोला," एवढाच मजकूर. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. तिनं घाबरून दार आतून लोटून घेतलं. टक् टक्. अशा वेळी कुठल्याही शहाण्या माणसानं श्वास रोखून गप्प बसावं. आतून आवाज आला नसता तर कच्चे अजून आले नाहीत असं समजून जमादार खाली गेले असते. पण ती पडली जमादारांची मुलगी. पाळण्यातून उतरल्यापासून दोनाला एक हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. डोक्यात विचार यायच्या आधी तिचा हात दाराकडं गेला. टक्. "सेपरेट एक, हाजिर," असं पुटपुटून जमादार समाधानानं वळले, आणि मी मेथीची जुडी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा.

जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही बाहेर," ते म्हणाले. मी हो म्हणालो. "मग आत कोण हाजिर हाय?" मी मेथीकडं बघत राहिलो. दुसरा बाप असता तर दार लाथेनं उघडून आत शिरला असता. यांनी दाराला हातसुद्धा लावला नाही, कारण गिनती चालू असताना सेपरेटचं दार उघडायचं नसतं. ते नुसते जिना उतरत ओरडले, "गिनती चुकली! सगळे खाली बसा!" सगळे बसले. सासूबाई पोळपाट टाकून आल्या, मेहुणा क्रिकेट टाकून आला, मी मेथीसकट बसलो, आणि सगळ्यांत शेवटी कुरडयांची पाटी कमरेवर घेऊन ती जिना उतरली आणि आपल्या जागी, मागं, एकटी बसली. जमादारांनी तीनदा मोजलं. तीनदा चार भरले, आणि वरचा हाजिर झालेला धरला तर पाच होत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते म्हणाले, "पस्तीस वर्सं नोकरी केली. गिनती कमी आली तर काय करायचं ते पुस्तकात लिवलंय. घंटी वाजवायची, गेट लावायचं. जास्त आली तर काय करायचं, ते कुठंच लिवलेलं नाय."

"आवं, किती मोजताय?" सासूबाई म्हणाल्या. "आंधळ्याला बी कळंल कोण हुतं वर."

"मी होते, अण्णा," मुलगी म्हणाली.

 भिंतीपलीकडं चाचांचं मशीन थांबलं. जमादारांचा आवाज एकदम खाली आला. रागावण्यापेक्षा ते गोंधळले होते. "मग वाजवलंस कशाला, बाई? गप ऱ्हायली असतीस तर मला कळलं बी नसतं."

"तुम्ही दोनदा वाजवलं, अण्णा," ती म्हणाली. "मग एकदा वाजवायचं नाय?"

 जमादार काठीच्या टोकाकडं बघत राहिले. मला वाटतं, आपण शिकवलेलं मुलीनं इतकं मनावर घेतलंय, याचं त्यांना आतून बरंच वाटलं असावं, पण ते कबूल करण्याची ती वेळ नव्हती. मी ओळखलं की आत्ता बोललो नाही तर रविवारी जालनेकर येऊन चहा पिऊन जातील आणि मी जन्मभर वर टक् करत बसेन. उठून उभा राहिलो आणि त्यांच्याच भाषेत बोललो. म्हणालो, "साहेब, दीड वर्ष मी वरून बघतोय. रोज संध्याकाळी खाली एक सुटा राहतो आणि वर एक सुटा राहतो. तुमच्यासारख्या जमादाराच्या बराकीत जोडी लागत नाही, हे बरं दिसत नाही. लावून टाका." हातातली मेथी मी अजून खाली ठेवली नव्हती. भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला, "सच्ची बात बोलरा छोकरा, जमादारसाब!"

"कच्च्याला जोडी नसते," जमादार म्हणाले.

"मग निकाल लावा की!" सासूबाई कडाडल्या. "दीड वरीस झालं, कच्चा म्हणून वर टांगून ठिवलाय त्याला. पोरगं साधंसुधं हाय, नोकरी हाय, पोरीच्या मनात हाय. आजून कोणता साक्षीदार पायजे तुम्हाला?"

जमादारांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मग त्यांनी मेहुण्याला सांगितलं, "जालनेकरांना कळव. रविवारची मुलाखत रद्द." आणि तसेच ओट्यावर उभे राहून त्यांनी चौथ्यांदा मोजलं. पण या वेळी त्यांनी आकडा मोठ्यानं म्हटला नाही, नुसती हनुवटी खाली घेतली.

लग्न थाटात झालं. पंगतीत जमादार टोपी घालून फिरत होते आणि वऱ्हाडातल्या ज्या म्हाताऱ्यांच्या शेजारी कुणी नव्हतं, त्यांना हाताला धरून दुसऱ्या सुट्याशेजारी बसवत होते. मी वरातीतून उतरलो तो मनात एकच धरून, की आता आपण कच्चे राहिलो नाही. पण पहिल्याच रविवारी आम्ही दोघं चिकलठाण्याच्या आमच्या भाड्याच्या घरातून हर्सूलला गेलो, दिवेलागण झाली, मी मोठ्या हौसेनं ओट्यावर बायकोशेजारी जोडी करून बसलो, आणि जमादार माझ्या डोक्यावरून नजर नेत म्हणाले, "जोडी एक, सुटा एक. बरोबर." मी विचारलं, "मामा, आणि मी?" "जावई मुलाखतीत असतो," ते म्हणाले. "मुलाखतीवाल्यांची गिनती नसते." पुढं मेहुण्याचं लग्न झालं, तर त्याची बायको माप ओलांडून आत आल्याच्या संध्याकाळी गिनतीत! मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे तिथं जेवलो नाही, घरी येऊन जेवलो. बायको हसून बेजार. मी वीस वर्षं दर रविवारी त्या ओट्यावर बसलो, सणावाराला बसलो, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी आठ दिवस मुक्काम ठोकला, आणि वीस वर्षं त्यांची काठी माझ्यावरून अशी पुढं सरकायची, जणू मी ओट्यावर वाळत ठेवलेली चादर आहे. हाक मारायचे तीच, "काय कच्चे." हे मी हसत सांगतो, पण मनातून मला ते लागत होतं. आपल्याला त्या माणसानं घरच्यांत एकदा तरी मोजावं, असं मला फार वाटायचं.

एकदा मी त्यांना विचारलं, की सेपरेटमध्ये बोलायची मनाई, मग हे दारावर वाजवणं कुठल्या नियमात? आम्ही गच्चीवर बसलो होतो, समोर तुरुंगाची लांबलचक भिंत उन्हात पडलेली. ते म्हणाले, "नियमात नाय ते. माझ्या सुरुवातीच्या दिवसात एक म्हातारा कैदी हुता सेपरेटला. रोज संध्याकाळी मी जायाचो, कुलूप बघायाचो, आकडा लिवून फुडं. आठ-पंधरा दिवसांनी तो गजाआडून म्हणला, जमादार, तुम्ही मोजता तवा माझ्याकडं बघत नाय, कुलपाकडं बघता. मला त्या रातीला भत्ता गेला नाय बगा. मग दुसऱ्या दिवशी मी काठीनं दोनदा वाजवलं. त्यानं थाळी एकदा वाजवली. बोललो नाय, नियम मोडला नाय. पर माणसाला कळाय पायजे, आपल्याला कुणीतरी मोजलं." एवढं बोलून त्यांना बहुतेक लाज वाटली, कारण लगेच त्यांनी घड्याळाकडं बघून खाकरलं. माझी वीस मिनिटं झाली होती.

ऐंशीच्या घरात असताना त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर जंतूंची भीती म्हणून त्यांना दवाखान्यातल्या एका काचेच्या खोलीत एकट्याला ठेवलं. आत कुणी जायचं नाही, भेटायचं ते काचेतून, आणि तेही वीस मिनिटं. हा वेळ नर्सनं सांगितला तेव्हा जमादार स्ट्रेचरवरून म्हणाले, "हितली शिस्त चांगली हाय." आणि मला जवळ बोलावून सांगितलं, "कच्चे, सेपरेट मिळाली मला. पस्तीस वर्सं बाहेरून बघितली, आता आतून बघतो." पहिले चार दिवस ते काचेआडून हातवारे करून आमची थट्टा करत होते. पाचव्या दिवसापासून गळून गेले. सहाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो, तर नर्स म्हणाली की दुपारपासून ते डोळे उघडत नाहीत, हाकेला ओ देत नाहीत. आम्ही पाचजण काचेपाशी उभे होतो. मेहुणा आणि त्याची बायको, मी आणि माझी बायको, आणि जरा बाजूला, पदर तोंडावर धरून, सासूबाई. दवाखान्यातले दिवे लागले. बायको मला म्हणाली, "तुम्ही वाजवा ना."

मी किल्लीनं काचेवर दोनदा वाजवलं. टक् टक्. काही झालं नाही. नर्स माझ्याकडं रागानं बघायला लागली. मी पुन्हा वाजवणार, तेवढ्यात त्यांचा हात पांघरुणावर हलला, सरकत सरकत खाटेच्या लोखंडी कडेपर्यंत आला, आणि बोटातल्या अंगठीचा आवाज काचेतूनही ऐकू आला. टक्. मग त्यांनी डोळे उघडले. एक बोट उचलून ते आमच्यावरून फिरवू लागले, मेहुणा आणि त्याची बायको, मग माझी बायको, आणि मग ते बोट पुढं सरकलं नाही, माझ्यावर थांबलं. त्यांचे ओठ हलले. आवाज येत नव्हता, पण वीस-बावीस वर्षं ऐकलेले शब्द ओठांवरून कळतात. "दोन जोड्या," ते म्हणाले. माझ्याशिवाय दोन जोड्या होत नव्हत्या. मी मनातल्या मनात दोनदा हिशेब करून पाहिला आणि मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात उड्या मारण्याइतका आनंद होता.

मग त्यांचं बोट सासूबाईंकडं गेलं. "एक सुटा." बोट तिथंच राहिलं, आणि नजर वळून माझ्याकडं आली. ती तशीच बराच वेळ माझ्यावर होती. मी मान हलवली. तेव्हा त्यांनी हनुवटी खाली घेतली, गिनती बरोबर आल्यावर घेत तशी. माझ्या आनंदाच्या भरात मला जे कळलं नव्हतं ते सासूबाईंना आधीच कळलं होतं. "सुटा म्हंजी मीच नव्हं?" त्या हळूच म्हणाल्या.

जमादार त्या खोलीतून घरी आले नाहीत.

आता मीही निवृत्त झालोय, आणि आम्ही हर्सूललाच राहायला आलोय, दोन गल्ल्या सोडून. मेहुणा आणि त्याची बायको यांना नोकरीवरून यायला उशीर होतो. सासूबाई दिवा लावतात, देवघराला कडी घालतात आणि आपल्या खोलीचं दार लोटून आत बसतात. मी रोज दिवेलागणीला जातो. काठी माझ्याकडं नाही, किल्लीच असते. दारावर दोनदा वाजवतो आणि थांबतो. त्या आता फार सावकाश उठतात, कधीकधी पाच मिनिटं लागतात. मग आतून एकदा टक् येतं, आणि मी घरी जातो.